कन्याकुमारीला न्यायची गाडी

आमच्या नगरच्या चौघांचं असंच आहे, कुठं जायचं ठरलं की निघायच्या आधीच किस्से साठतात. चौघं म्हणजे मी, आमचे हे, कुलकर्णी भावजी आणि त्यांची मंदा. या वेळी ठरलं, कॅम्परव्हॅन भाड्यानं घ्यायची आणि थेट कन्याकुमारी. चालवणार एकटे हे! मी ऐकूनच अर्धी झाले.

*

पहिली व्हॅन नगरातच बघितली. पलंग, पडदे, छोटासा ओटा, सगळं छान. मंदानं सहज गादी उचलली, तर खाली गॅसचं सिलिंडर.

"घरात नसतं का सिलिंडर?" हे म्हणाले.

"घर ऐंशीच्या स्पीडनं पळत नाही," मी म्हटलं.

मंदानं गादी हळूच खाली ठेवली, हात जोडले आणि उतरली.

*

दुसरी काष्टीला, बाजाराच्या दिवशी. भावजी आत पलंगावर आडवे होऊन बघत होते आणि दार लागलं. आतून काही केल्या उघडेना. काचेआड भावजींचं तोंड पांढरंफटक, बाहेर सगळा बाजार गोळा. मालक मात्र निवांत.

"लॉक लई भारी हाय. चोर आत येऊच शकत न्हाई."

त्यानंतर कितीतरी दिवस भावजी बाथरूमला कडी लावत नव्हते, असं मंदा सांगते.

*

तिसरी राजूरची. गाडी चकाचक. मी एकच विचारलं, "ब्रेक कसेत?"

"एक नंबर, ताई."

"मग खाली तालुक्याला, अकोल्यापर्यंत घाट उतरून बघू."

हे चालवायला बसले, आम्ही तिघं, मालक आणि त्याचा धाकटा भाऊ मागं. घाटाच्या तोंडाशी मालकानं गाडी थांबवायला लावली. नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. भाऊ परत आत बसला, आणि मालक रस्त्यात उभा राहून येणाऱ्या जीपला हात करायला लागला.

"तुम्ही नाही येणार?" मी विचारलं.

"आमच्यात पद्धत हाय, ताई. घाट उतरताना दोघं भाऊ एका गाडीत बसत न्हाईत. घरात एक तरी मानूस मागं राह्यला पायजे."

पाय मोकळे करतो म्हणून भावजी उतरले. त्यांच्या मागून मंदा. मी उठले आणि पुढं ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तू पण उतर," हे म्हणाले.

"तुम्ही खाली गेल्यावर मी वर थांबून काय करू?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग किल्ली काढली आणि मागं वळून त्या भावाच्या हातात दिली.

घाट आम्ही चौघं जीपनंच उतरलो. जीप खच्चून भरलेली, माणसं मागं लटकत होती. ब्रेकचं कुणीच विचारलं नाही.