सुमनताईंचा जिझोबा

शनिवार, ७ मार्च. सुमनताईंचं सामान बांधायचं होतं. गुडघ्यांमुळे त्यांना तिसरा मजला झेपेना, म्हणून टिटवाळ्याला तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. मी वर त्यांची भांडी खोक्यांत भरत होते आणि ताई खाली अंगणात जिझोबाच्या सुतळ्या तपासत होत्या. आधी त्याचं, मग स्वतःचं.

जिझोबा म्हणजे हातभर उंचीची दगडी मूर्ती. गुळगुळीत डोकं, मिटलेले डोळे, गळ्यात लाल लाळेरं. ताई शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर लेकीकडे जपानला तीन महिने राहून आल्या. तिकडे हा जिझो रस्त्याच्या कडेला उभा राहून लहान मुलांना आणि वाटसरूंना सांभाळतो. एका देवळात तर लोक त्याला दोरीने बांधतात. काही हरवलं की बांधायचं, सापडलं की स्वतः येऊन सोडायचं. ताईंना हे इतकं पटलं की फोनमधला फोटो दाखवून त्यांनी पाटे-वरवंटे घडवणाऱ्या एका पाथरवटाकडून मूर्ती करून घेतली आणि अंगणात पायरीशेजारी बसवली. नाक आपल्याकडचं झालं. “असू दे, राहायचंय इथेच त्याला,” ताई म्हणाल्या.

वर्तकनगरच्या आमच्या इमारतीला बांधायची सवय लगेच लागली. चाव्या, मार्कशीट, मांजर, सगळ्यासाठी सुतळ्या. सोडायला मात्र कोणी येईना. आपल्याकडे झाडाला बांधलेला दोरा कोण सोडतो? ताई लोकांना जिन्यात गाठायच्या. “काय रे, लायसन्स मिळालं ना? मग सोड की त्याला. का जन्मठेप दिलीयस?”

मला हा पोरखेळ वाटायचा. गेल्या नोव्हेंबरात माझे सासरे, नाना, दुपारी चपला घालून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. त्यांना हल्ली घराचा पत्ता आठवत नाही. मी जिन्यात नुसती उभी. ताईंनी माझ्या हातात सुतळी दिली.

“बांध.”

“ताई, ही वेळ आहे का?”

“काळजी त्याच्या गळ्यात घाल आणि पाय मोकळे कर. तू पोलीस चौकीत जा, मी रिक्षा स्टँडवर. चल!”

मी बांधली. ताईंनी नानांचा फोटो रिक्षावाल्यांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना पाठवला. दिवेलागणीला एका विद्यार्थिनीचा फोन आला. नाना विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाकावर होते. तरुणपणी ते तिथल्या कारखान्यात जायचे. आम्हाला बघून म्हणाले, “किती उशीर केलात!”

सुतळी मी सोडली नाही. कामं असतात, असं सांगत राहिले.

त्या शनिवारी ताईंनी खालून हाक मारली. “शुभा, एकच उरलीय. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. मी गेल्यावर हा इथेच राहील, तू ये-जा करशील आणि बघणारसुद्धा नाहीस.”

“राहू दे ना ताई.”

“नाना सापडले ना?”

“सोडली आणि परत गेले तर?”

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. ताई हसल्या नाहीत.

“जातील. आजारच तसा आहे. सुतळीने दार बंद होत नाही, बाई. चार महिने तू आंघोळीलासुद्धा दार किलकिलं ठेवून जातेस. नुसती राखण करतेयस. काही कर ना.”

गाठ उन्हाने कडक झाली होती. नखं लागेनात. ताईंनी केसांतला आकडा काढून दिला. गाठ सुटली आणि मी तिथेच पायरीवर बसले. पाठीत कुठेतरी इतके दिवस धरलेलं सैल झालं.

“हं,” ताई म्हणाल्या, “आता खोकी भर.”

संध्याकाळी टेम्पो टिटवाळ्याला गेला. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या ताई त्याला रस्ता शिकवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराला उघडलं की वाजेल अशी घंटी लावली. मग नानांचे नऊ शर्ट काढले आणि प्रत्येकाच्या कॉलरच्या आत त्यांचं नाव आणि माझा फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवायला घेतली. तिसऱ्या शर्टाला सुईत दोरा जाईना. नाना शेजारी येऊन बसले, सुई मागून घेतली आणि एका झटक्यात ओवून दिली.