बाळंतिणीच्या खोलीतले डोळे

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच सांगते. कारण ह्या प्रकरणात माझ्याच गल्लीतल्या बायांनी माझ्या तोंडावर दार लावलं होतं. आणि खरं सांगू का, त्यांच्या जागी मी असते ना, तर वरून कडीसुद्धा घातली असती!

आम्ही मूळचे पारोळ्याकडचे, पण सुरतेत लिंबायतला राहून मला तीस वर्षं झाली. नवरा बमरोलीला, कापड छापायच्या मिलमध्ये. मी घरी ब्लाऊज शिवते. यंदा आमची ज्योती पहिल्या बाळंतपणाला भेस्तानहून माहेरी आली. मुलगी झाली. डोकंभर जावळ, आणि आवाज असा की खाली यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्याने एकदा मान वर करून विचारलं, "मौसी, मशीन बिगड गई क्या?"

तर बाजारचा डायपर लावला आणि दोन दिवसांत पोरीच्या मांड्या लालबुंद. ज्योती रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस काय? तीस वर्षं ब्लाऊज शिवतेय मी. वीतभर ढुंगण मला काय जड आहे?"

जड होतं हो! ब्लाऊजवालीला जरा श्वास रोखून उभी राहा म्हणता येतं. हिला काय सांगणार? पहिलं कव्हर शिवलं, त्याच्या इलॅस्टिकने मांडीवर वळ उठले. दुसरं गुडघ्यापर्यंत लोंबलं. तिसरं मात्र बरोबर बसलं. आत माझ्या आईच्या जुन्या सुती पातळाच्या घड्या, बाहेरून ओल न झिरपणारं कव्हर, बाजूला टिचबटणं. पुसायलासुद्धा त्याच पातळाचे हातरुमालाएवढे चौकोन केले, कडा दुमडून शिवल्या आणि स्टीलच्या डब्यात ठेवले. पाण्यात बुडवा, पुसा, धुवा, वाळवा. मोबाईलवरच्या बाया ह्याला काय काय इंग्रजी नावं देतात. आम्ही आपलं फडकं म्हणतो.

कव्हरचं कापड नवऱ्याने मिलमधून आणलं होतं. सायीच्या रंगाचं, गुळगुळीत, आणि त्यावर अगदी फिकट बदामांच्या जोड्या. उजेडात धरलं तर दिसतील न दिसतील अशा.

"छपाईत वाया गेलेला माल आहे," तो म्हणाला.

"पाणी झिरपतं का?"

"नाही."

"रंग जातो का?"

"नाही."

विषय संपला. आमच्या घरात एवढंच बोलणं होतं. त्याची रात्रपाळी, दिवसभर तो कानात कापूस घालून झोपलेला.

मी एका बैठकीत बारा कव्हरं शिवली.

आता इथून पुढे जरा जवळ सरकून बसा.

आमच्या गल्लीत लूमचा आवाज चोवीस तास असतो. इतका की तो ऐकूच येत नाही. पण आठवड्यातून एक दिवस लूम बंद असतात, आणि त्या दिवशी गल्ली अशी गप्प होते की आपण काहीतरी विसरलोय असं वाटत राहतं. तसाच दिवस होता. दुपारचे दोन-अडीच. ज्योती न्हाणीत. बाळ आतल्या खोलीत झोळीत. वारा लागू नये म्हणून खिडकीला गोधडी लावलेली, त्यामुळे भर दुपारी आत मिट्ट काळोख. मी गच्चीवरून वाळलेले कपडे काढले, बाळाला कोरडं बांधलं, दिवा मालवून बाहेर आले. पाच मिनिटांनी वाटलं, पोर इतकी शांत कशी?

दार ढकललं.

झोळीच्या काठावर दोन डोळे होते.

हिरवे. गार हिरवे. माझ्याकडे बघणारे. मी हलले नाही, तेही हलले नाहीत. मग ते मिटले. सावकाश. आणि पुन्हा उघडले, तेव्हा चार होते.

मी दिवा लावला. काही नाही! झोळी, झोळीत बाळ, बाळ पाय झाडत कोपऱ्याकडे बघून हसतंय. मी कोपऱ्याकडे बघितलं. कोपऱ्यात कुणी नव्हतं. पण ती हसतच होती, ओळखीचं माणूस आल्यासारखी.

मी तिला उचलून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तेच डोळे. तिसऱ्या दिवशी ज्योतीनेही पाहिले आणि माझा दंड असा आवळला की बांगडी वाकली. "आई, मांजर असेल ना?"

"मांजराला चार डोळे असतात का गं?"

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. तो म्हणाला असता, चष्मा बदल. म्हणून मी गेले समोरच्या गिरजाबाईंकडे. त्या आमच्याच भागातल्या, वयाने मोठ्या, गल्लीतल्या प्रत्येक बाळाला पहिली अंघोळ त्यांच्याच हातची. त्यांची सून कविता, तिचाही मुलगा दीड महिन्याचा. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याच्यासाठी दोन कव्हरं आणि डझनभर फडकी घेऊन गेले.

गिरजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "कितला डोया व्हतात?"

"आधी दोन. मग चार."

"हिरवा?"

"हिरवे."

त्यांनी पदर सावरला. "दुपारना टाइमले फिरस ती. बायना वास लागस तिले." म्हणजे डाकीण. दुपारच्या वेळी फिरते ती, बाळाचा वास लागतो तिला.

आता गप्प बसावं की नाही मी? पण माझी जीभ! मी आपलं शहाणपण लावलं, "मावशी, पण दार बंद असताना ती आत येते कशी? मला वाटतं कुणाच्यातरी पाठीवर बसून येत असेल. बाहेरून एखादी बाई येते, तिच्यासोबत."

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने बोलले, बरं का!

दोन दिवसांनी कविता धापा टाकत आली. "मावशी, आमच्याकडेपण! झोळीत!"

मग कोपऱ्यावरच्या ओडिया बाईकडे. तिच्या जुळ्या मुलींना मी चार कव्हरं दिली होती. तिला मराठी येत नाही, मला ओडिया येत नाही. तिने नुसती दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांपुढे धरली, मग चार, मग आठ, आणि रडायलाच लागली. आठ! ती वाढत चालली होती!

आमचं सोडून गल्लीत लहान मुलं असलेली सात घरं. दुपारी सगळ्यांचे दिवे लखलखीत. कुणी उशाला विळा ठेवला, कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली. आणि मी काय केलं? मी म्हटलं, आपल्या हातात कला आहे, तिचा उपयोग करू. उरलेलं सगळं कापड काढलं, रात्रंदिवस मशीन चालवलं, प्रत्येक कव्हरच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचा टाका घातला, दृष्ट लागू नये म्हणून, आणि सातही घरी स्वतः नेऊन दिली. "हे बांधा. हे बांधलं की काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी सातही घरांत डोळे!

त्यानंतर गल्लीत काहीतरी बदललं. मी नळावर गेले की बायांचं बोलणं थांबायचं. ओडिया बाई मला बघून मुलींवर पदर टाकायची. मला वाटलं, घाबरल्यात बिचाऱ्या. ज्योतीच्या लक्षात आधी आलं.

"आई, तू ज्या घरी जातेस ना, तिथेच दिसतं. तू जाऊन आल्यावर."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही." पण असं म्हणताना तिने बाळाला उचलून ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. माझ्यापासून लांबच्या खांद्यावर.

मी तशीच गिरजाबाईंकडे गेले. उंबऱ्यातच त्यांनी अडवलं. मागे कविताची बॅग भरलेली. ओल्या बाळंतिणीला संध्याकाळच्या गाडीने गावी पाठवणार होत्या, दीड महिन्याच्या पोराला घेऊन, तेही जनरलच्या डब्यातून.

"मावशी, एवढ्या गर्दीत बाळाला कुठे नेता?"

गिरजाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या पाठीमागे बघत होत्या. खांद्याच्या जरा वर. "तूच सांगेल व्हतं ना, पाठवर बशीसन येस म्हणून," त्या पुटपुटल्या आणि दार लावलं.

मी त्या बंद दारासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. तुम्हाला हसू येत असेल. पण तीस वर्षं ज्या गल्लीत सगळ्यांची मापं घेतली, तिथे एका बाईला डाकीण म्हणतायत आणि ती बाई आपणच आहोत, हे कळल्यावर ऊनसुद्धा गार लागतं हो! आणि सगळ्यात वाईट काय सांगू? मला ते पटायला लागलं होतं. मीच गेले होते ना सात घरी? मी गेल्यावरच दिसलं ना?

डोकं ठणकायला लागलं. घरी आले, मशीनजवळ चिंधी पडली होती, ती कपाळाला करकचून बांधली आणि गच्चीवर उन्हात बसून राहिले. अर्ध्या तासाने ठरवलं, आता सोक्षमोक्ष. आपल्यात काही आहे की नाही, ते आपणच बघायचं.

खाली आले, न्हाणीत शिरले, कडी लावली. आमच्या न्हाणीला खिडकी नाही, एक आरसा तेवढा आहे. डोळे मिटले. दिवा बंद केला. देवाचं नाव घेतलं. आणि डोळे उघडले.

आरशात डोळे होते. हिरवे. माझ्याच डोक्यावर. दोन नाही, चार नाही, कपाळभर! ह्या कानापासून त्या कानापर्यंत, एका ओळीत, सगळे माझ्याकडे बघत!

मी अशी किंचाळले की खालच्या लूमवाल्याने खरोखर लूम बंद केलं. नवरा कानात कापूस असतानासुद्धा उठला. खांदा मारून त्याने दार उघडलं, मी त्याच्या पायाशी कोसळले आणि ओरडले, "माझ्याजवळ येऊ नका! बाळाला घेऊन जा! मीच आहे ती!"

त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं. मग डोळे चोळत म्हणाला, "मंदा, रेडियमचं कापड डोक्याला का बांधलंस?"

"कसलं?"

"रेडियमचं. अंधारात चमकतं ते. लहान पोरांच्या रेनकोटचा माल होता. घुबडं छापायची होती. डोळ्यांचा रंग पडला आणि पुढचे रंग बिघडले, म्हणून माल काढून टाकला. जितकं उन्हात ठेवशील तितकं चमकतं."

मी गच्चीवर रोज कडक उन्हात वाळवत होते. रोज. उलटून-पालटून!

"मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू पाणी झिरपतं का विचारलंस. घुबड आहे का, असं कुठे विचारलंस?"

त्याच्याशी भांडायला वेळ नव्हता. कविताची गाडी संध्याकाळची. मी तशीच, कपाळाला पट्टी, केस मोकळे, अनवाणी गिरजाबाईंच्या दाराशी. दार उघडेनात. आतून कविता रडतेय. मी बाहेरून ओरडतेय, "मावशी, घुबड आहे! माझ्या कपाळावर घुबडाचे डोळे आहेत!" आता सांगा, असं ऐकून कोण दार उघडेल?

शेवटी ज्योती आली, बाळाला कडेवर घेऊन, आणि शांतपणे म्हणाली, "आजी, आईचं सोडा. फक्त तुमच्या नातवाचं एखादं कव्हर घ्या आणि गोधडीखाली अंधारात धरून बघा."

आत गोधडी सरकल्याचा आवाज आला. मग दार किलकिलं झालं. एकेक करून सगळ्या बाया जमल्या. ओडिया बाईसुद्धा आली. आम्ही सगळ्या त्या खोलीत शिरलो, दार लावलं, दिवा बंद केला. मधोमध झोळी, आणि झोळीत गिरजाबाईंच्या नातवाचं ढुंगण डोळे वटारून आमच्याकडे बघत होतं.

पहिली हसली ती ओडिया बाई. मग कविता. मग कुणी थांबेचना. कविताची बॅग त्या गर्दीत पायांनीच पलंगाखाली सरकवली गेली.

गिरजाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. दिवा लागल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी होतं. "मंदा, चुकनं मनं. तुले डाकीण समजनू."

मलाही भरून आलं. म्हटलं, "जाऊ द्या मावशी. मनात आणू नका."

"नही वं," त्या माझ्या कपाळावरची पट्टी सोडवत म्हणाल्या, "डाकीणले निदान इतलं तरी समजस, आपण काय करी ऱ्हायनूत!"