गोड्या पाण्याची हद्द

रऊफभाई नकाशे काढत. अमरावतीच्या कॅम्पातल्या आमच्या भूजल कचेरीत ते ट्रेसर होते आणि मी आवक-जावक कारकून. त्यांच्याविषयी दुसऱ्या कोणी लिहिले असते तर बरे झाले असते. पण त्यांना ओळखणारे आता फारसे कोणी उरले नाही.

साल एकसष्ट असावे. काम पूर्णा नदीच्या खोऱ्याचे होते. तिकडे कितीतरी विहिरींना खारे पाणी लागते. गोडे पाणी कुठवर आहे ती हद्द रऊफभाई तांबड्या शाईने दाखवत. नकाशा खळ लावलेल्या, आरपार दिसणाऱ्या गुळगुळीत कापडावर असे. नव्या विहिरीचे पाणी तपासून आले की हद्द सरके. मग ते जुनी रेघ ब्लेडने हलकेच खरवडत, जागा नखाने घोटत आणि नवी रेघ ओढत. या कापडावरून छापलेल्या निळ्या नकला अकोल्याला जात. नकलेवर काही बदलता येत नसे. शिवाय छापताना ती पाण्यातून काढून वाळवली की आक्रसे आणि मापे चुकत. त्यामुळे सगळा भरवसा मूळ कापडावर. रऊफभाई हंगामी होते. हा नकाशा पुरा झाला की त्यांना कायम करावे, असे साहेबांनी वर कळवले होते.

बिघडलेले कापड ट्रेसर लोक घरी नेत. सोड्याच्या पाण्यात उकळले की खळ आणि शाई निघून मलमलीसारखे सूत हाती येई. रऊफभाईंच्या पत्नीला, रईसाला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते. रऊफभाईंची आई जैनबबी अशा तुकड्यांची झबली शिवत होती.

शिपाई डोमाजी चिडवायचा, "रऊफभाई, तुमचं पोरगं आंगावर आख्खा दर्यापूर तालुका घालून हिंडन!"

"हिंडू दे. तुह्या पोरासारखं उघडं तं नाई हिंडणार," रऊफभाई म्हणायचे.

दिवस भरत आले तशी रईसाची तब्येत बिघडली. रऊफभाईंचा पाय घरातून निघेना. साहेबांनी त्यांना मूळ नकाशा घरी नेऊन काम करायला तोंडी परवानगी दिली.

मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. डोमाजी आणि मी दोघेही कबरस्तानात गेलो. रऊफभाईंनी बाळ दोन्ही हातांवर घेतले होते. बाळाला गुंडाळलेले कापड पांढरेशुभ्र, फार तलम होते. खाली उतरवण्याआधी ते एकदम थांबले. मीही पाहिले. कापडावर एक फिकट गुलाबी रेघ वळणे घेत गेली होती. पूर्णेच्या नकाशाच्या किती नकला मी अकोल्याला पाठवल्या होत्या. ते वळण मला ओळखू आले.

कफनाला अख्खे कापड लागते. झबल्यांसाठी जमवलेले तुकडे कापून झाले होते. म्हाताऱ्या जैनबबीला फळीवर मोठी गुंडाळी दिसली. गुंडाळीवरही रेघा होत्या, आणि म्हातारीच्या घरी रेघांचे कापड यायचे ते धुवायलाच. नातवासाठी तिने तेच उकळून धुतले.

रऊफभाईंनी माझ्याकडे पाहिले आणि बाळाला खाली दिले.

नव्या विहिरींचे आकडे आले तेव्हा साहेबांनी नकाशा मागितला.

"हरवला, साहेब."

"नकाशा काय चिल्लर आहे हरवायला? कुठे गेला तेवढे सांग. मी सांभाळून घेतो."

रऊफभाई निळी नक्कल घेऊन टेबलाशी बसले. तिच्यावरून नकाशा पुन्हा काढून पाहिला, पण विहिरी जागेवर बसेनात. वरून पत्र आले आणि त्यांची मुदत वाढली नाही.

मी म्हणालो, "सांगा ना साहेबांना. माणूस चांगला आहे."

"सांगतलं तं चौकशी लागन. लोकं घरी येतीन, अम्मीले इचारतीन. तिनं आपल्या हातानं धुतलं, धर्मपाल. हे तिले समजलं तं काय होईन तिचं? तू बोलू नको."

मी बोललो नाही.

ते अकोल्याला गेले आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. रईसा त्यांच्यासोबत गेली. जैनबबी मात्र अमरावती सोडायला तयार नव्हती. कबर इथे होती.

एकदा इतवाऱ्याच्या बाजारात तिने मला गाठले. हातात मेथीची जुडी होती.

"बेटा, तू तं हापिसातला. खरं सांग, माह्या रऊफले काहून काढलं? दारू नाई, जुवा नाई. हात तं असा का रेघ हालत नोती."

"काम कमी झालं, अम्मी."

"काम कमी झालं? सारी जमीन मोजून झाली का तुमची?"

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"त्यानंच काई केलं असन," ती म्हणाली. "तू दोस्त हायेस, म्हणून लपवून राहिला. जाऊ दे. मा हाओ मी त्याची. मी माफ केलं त्याले."

आणि ती मेथी छातीशी धरून गर्दीतून निघून गेली.