चाळलेला कोंडा

एरंडेलाचा वास आला की शहाद्याजवळचं माझं सासर आठवतं. तापातून उठलेले माझे वडील आठवडाभर आमच्याकडे राहायला आले होते. व्याह्याचा मान म्हणून त्यांच्या ताटात तीनदा चाळलेल्या गव्हाच्या मऊ पोळ्या आणि शिराच असे. कोंडा मी म्हशीला घालत होते. सहाव्या दिवशी ते कळवळून म्हणाले, “माय, पोट दगड व्हई गयं. माले कळनानी भाकर दे.” ज्वारी-उडीद सालासकट दळून केलेली ती जाडीभरडी भाकर आमच्याकडे सालगडी खात. सासूबाई कडाडल्या, “सालदारनी भाकर याहीना ताटमा? लोके काय म्हनतीन?” भाकरीऐवजी मी त्यांना एरंडेल पाजलं. दुसऱ्या पहाटे ते परसाकडे गेले आणि जोर करता करता तिथेच कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. बांधावरचा तांब्या भरलेलाच होता. आता माझ्या घरात चाळणी नाही. तरी म्हशीचं रवंथ कानावर आलं की हातातला घास हातातच राहतो.