दुसरा भाग रिपोर्टसोबत

माझा मामा दवाखान्यात एक्स-रे काढतो. पेशंट त्याला ‘फोटोवाले’ म्हणतात आणि मामाला ते आवडतं. त्याचं म्हणणं, जगात हा एकच फोटो असा आहे की ज्यात माणूस हसला काय आणि रडला काय, सारखाच दिसतो.

त्याची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या खाली आहे. जाड दार, दारावर लाल दिवा, आत खुंटीला शिशाचा जड एप्रन आणि कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. पूर्वी त्या कपाटात फिल्मांचे खोके असायचे. कॉम्प्युटर आला, फिल्मा गेल्या, कपाट रिकामं झालं. रिकामं कपाट म्हणजे दवाखान्यात संकटच, कुणीतरी त्यात झाडू ठेवतं. झाडू यायच्या आत मामाने त्यात कादंबऱ्या भरल्या. सगळ्या फँटसी. प्रेमकथा एकही नाही. म्हणजे प्रेम आहे, पण ते करणाऱ्यांपैकी निदान एकाला शेपूट असतं.

मी मामाकडे राहतो आणि फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवतो. आमच्या गावच्या शाळेत ग्रंथालय होतं, पण त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे होती आणि मुख्याध्यापक कायम मीटिंगला. त्यामुळे माझं वाचन एसटीतल्या खूनकथांवर झालं. पहिल्या पानावर मुडदा पडला नाही तर मला करमत नाही. यावरून मामा माझी कीव करतो. “तुझ्या पुस्तकात माणूस मरतो तेव्हा गोष्ट सुरू होते,” तो म्हणतो, “आमच्यात माणूस घराबाहेर पडतो तेव्हा.”

एकदा डबा द्यायला गेलो तर आत एक गवंडी उघड्या छातीने यंत्राला चिकटून उभा होता. “श्वास घ्या. धरा. सोडा,” मामा म्हणाला आणि लगेच, त्याच सुरात, “गोष्टीतला माणूस शेवटी घरी परतायला पाहिजे की नको?”

“आँ?”

“पुस्तक देतोय. सांगा लवकर.”

गवंड्याने शर्ट चढवता चढवता खरंच विचार केला. “परतायलाच पाहिजे हो. बायको वाट बघत असेल की त्याची!”

मामाने कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. “हा पहिला भाग. दुसरा भाग रिपोर्टसोबत मिळेल. बाहेरच्या खिडकीत.”

ही मामाची युक्ती. फोटो काढायला सगळे येतात, पण रिपोर्ट न्यायला बरेच जण फिरकत नाहीत. कागद घरात आला नाही तर आजारही घरात येणार नाही, असं त्यांचं साधं गणित. मामा त्यांना समजावून थकला, मग त्याने समजावणं सोडलं आणि गोष्ट अर्धी तोडायला सुरुवात केली. लोक रिपोर्टला घाबरतात, पण राजकन्या विहिरीत लोंबकळत असली की त्यांना झोप लागत नाही. येतात. राजकन्येसाठी येतात आणि जाताना रिपोर्टही नेतात.

कुणाला काय द्यायचं याचेही त्याचे ठोकताळे आहेत. पाय मोडलेल्याला लांबच्या प्रवासाची गोष्ट. दमेकऱ्याला समुद्राखालचं राज्य अजिबात नाही, वाचूनच धाप लागते. ट्रकवाल्याला घोड्यांचं पुस्तक द्यायचं नाही, एका ट्रकवाल्याने दुसरा भाग घ्यायला आल्यावर सुनावलं होतं, “एवढी चढण आणि मध्ये घोडा कुठे थांबवलाच नाही? लिहिणाऱ्याने कधी गाडी चालवलीय का?” मामाने ते निमूट ऐकून घेतलं. तक्रार बरोबर होती.

मामी शाळेत गणित शिकवते. तिला हे सगळं म्हणजे पोरखेळ. “तुमचा तो राक्षस डोंगराएवढा,” ती भाकरी थापता थापता विचारते, “मग तो खातो किती? आणि त्या देशात शेती करतं कोण?”

“हाच तर प्रश्न पाहिजे!” मामा खूश होतो. “चांगल्या फँटसीत या प्रश्नाचं उत्तर असतं. वाईट फँटसीत फक्त राक्षस असतो.”

“आणि तुमच्या घरात प्रश्न विचारणारी असते. जेवा.”

तर असा हा मामा. या माणसाच्या गळ्याशी गाठ आली.

गाठ मामीने पकडली. मामा शर्टाचं वरचं बटण लावेनासा झाला, हे तिच्या लक्षात आलं. आधी तो “उकडतंय” म्हणाला. मग मामीने सरळ हात लावून बघितलं. आपल्या दवाखान्यात चर्चा नको म्हणून तो दुसऱ्या दवाखान्यात गेला. मी सोबत होतो. तिथल्या डॉक्टरांनी सुईने नमुना घेतला. मामा खुर्चीवर ताठ बसला होता आणि ओठातल्या ओठात स्वतःलाच सांगत होता, श्वास घ्या, धरा, सोडा.

रिपोर्ट तयार आहे असा फोन आला. पेशंटने स्वतः यावं.

आणि फोटोवाले गेले नाहीत.

त्या दिवशी यंत्र बिघडलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. मग पाऊल मुरगळलं, ते संध्याकाळी बाजारात जाताना आपोआप बरं झालं. मामी आधी गोड बोलली, मग रागावली, मग तिने बोलणंच सोडलं, आणि मामी बोलायची थांबली की घर कसं कुलूप लावल्यासारखं वाटतं.

“अहो, लोकांना शहाणपण शिकवता ना तुम्ही?” ती एका सकाळी फुटलीच. “आता स्वतःवर आल्यावर?”

“उद्या जातो म्हटलं ना.”

“तुमचा उद्या मला माहीत आहे. त्याला काठ नाही.”

मामा अंघोळीला गेल्यावर ती माझ्याकडे वळली. डोळे लाल होते, पण आवाज वर्गातला. “हे बघ, समजुतीने हा माणूस ऐकायचा नाही. याला याच्याच औषधाची मात्रा दे. एक पुस्तक शोध. यांनी न वाचलेलं. दोन भागांचं.”

“मामी, मी? मला त्यातलं काय कळतं?”

“फरशी विकतोस ना? गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखायचं, एवढंच तर काम आहे.”

मी पुस्तकांच्या दुकानात गेलो आणि फरशी निवडतात तशी कादंबरी निवडली, वरची नक्षी बघून. मुखपृष्ठावर किल्ला, किल्ल्यावर ड्रॅगन, ड्रॅगनच्या तोंडात जाळ. याहून जास्त फँटसी ती काय असणार? पहिला भाग घरी आणून मामाच्या उशाशी ठेवला.

मामाने तो वाचला आणि गादीवर आपटला. “हे कुणी सुचवलं तुला?”

“का? ड्रॅगन आहे की.”

“ड्रॅगन नाही तो. पहिल्याच भागाच्या शेवटी सांगून टाकलंय, ते यंत्र आहे. आत चाकं, तेल, दोन माणसं. सगळ्याचा खुलासा. तुझ्या खूनकथेसारखा.”

“मग खुलासा वाईट असतो का?”

“वाईट नाही रे. वेगळा असतो. ड्रॅगन असला म्हणून फँटसी होत नाही आणि नसला म्हणून अडत नाही.” मामा उठून बसला. कितीतरी दिवसांनी त्याला बोलताना पाहत होतो. “एक अशक्य गोष्ट घ्यायची. ती का आहे, हे कुणी विचारायचं नाही. पण ती कशी चालते, हे मात्र काटेकोर पाहिजे. माणूस उडतो म्हणालास? चालेल. मग तो पावसात उडतो का, आजारी पडल्यावर उडतो का, सासू उडते का, हे ठरलेलं हवं. आणि बाकी सगळं आपल्यासारखं. भूक, भांडणं, दुखणारे गुडघे. अशक्य एकच आणि माणसं खरी. एवढं जमलं की झाली फँटसी.”

“आणि घरी परतणं?”

तो म्हणाला, “ते फँटसीत असलंच पाहिजे असं नाही. ते मी पेशंटसाठी विचारतो.” आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी मुखपृष्ठ बघितलं नाही. दुकानदार डुलकी घेत होता. त्याला उठवून विचारलं, “अशक्य गोष्ट एकच आणि माणसं खरी, असं काही आहे का? दोन भागांत? आणि खुलासा नको.”

दुकानदार जागा झाला. म्हणजे मघाशी फक्त उठला होता, आता जागा झाला. “वाचणारा कोण आहे?”

“खूप वाचलेला माणूस आहे. आणि घाबरलाय.”

त्याने शिडी लावली आणि वरच्या फळीवरून दोन मळकट भाग काढले. त्या कादंबरीतल्या देशात खोटं बोललं की माणूस हलका होतो. छोटं खोटं, थोडा हलका. मोठं खोटं, पाय जमिनीवरून सुटतात. म्हणून तिथले लोक पायाला दगड बांधून हिंडतात आणि राजाला तर सिंहासनाला साखळदंडाने आवळलेलं असतं. नायिका बाजारात बसून लोकांच्या पायांना दगड बांधून देते. म्हातारी, फटकळ, जन्मात खोटं न बोललेली. मी दुकानातच उभ्या उभ्या पहिल्या भागाचं शेवटचं पान वाचलं. ती म्हातारी सकाळी उठते आणि तिचे पाय जमिनीला लागत नाहीत.

खून नव्हता, तरी माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, जमलं.

पहिला भाग घरी गेला. दुसरा भाग घेऊन मी थेट मामाचा रिपोर्ट पडून होता त्या दवाखान्यात गेलो. रिपोर्टच्या खिडकीत चष्मेवाल्या ताई होत्या. त्यांना सगळं सांगितलं.

“हे आमच्याकडे चालत नाही,” त्या म्हणाल्या. मग पुस्तक उलटसुलट करून बघितलं. “पाकिटाला रबर लावून ठेवते. पण पेशंट आले नाहीत तर मी वाचून टाकेन हं.”

घरी मामा वाचत होता. जेवताना वाचला, दात घासताना वाचला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुस्तक हातात घेऊन स्वयंपाकघरात आला.

“दुसरा भाग कुठे आहे?”

मामी पोळी लाटत राहिली. मी चहात बघत राहिलो.

“अरे, दुसरा भाग?”

“रिपोर्टसोबत,” मी म्हणालो.

मामाने आधी माझ्याकडे बघितलं, मग मामीकडे. “हा माझा डाव आहे.”

“मग नियम तुम्हाला माहीत असतील,” मामी म्हणाली.

“मी नाही जात. दुकानातून दुसरी प्रत आणेन.”

“एकच होती,” मी म्हणालो. हे खरं होतं. सुदैवाने.

मामा चरफडला, खोलीत गेला, बाहेर आला, परत आत गेला. “ती बाई खोटं बोललीच नव्हती,” तो आतून ओरडला. “मी सगळं तपासलंय! एकदाही नाही!” मग तो बाहेर आला तेव्हा अंगावर बाहेरचा शर्ट होता. वरचं बटण उघडंच होतं. “चला,” तो म्हणाला. “पुस्तकासाठी जातोय. सांगून ठेवतो.”

आम्ही तिघेही गेलो. रस्ताभर तो माझ्या अकलेचे वाभाडे काढत होता आणि मामी त्याच्या कोपराला धरून चालत होती, रस्ता ओलांडताना धरतात तसं. रस्ता मात्र कुठे ओलांडायचा नव्हता.

खिडकीत ताईंनी रबर लावलेला गठ्ठा सरकवला. “आलात? बरं झालं. मी पाचव्या प्रकरणापर्यंत आले होते.”

मामाने पुस्तक ओढून घेतलं, पाकीट मामीच्या हातात कोंबलं आणि तो बाकावर बसून वाचायला लागला. मी शेजारी बसलो. त्याने पान काही उलटलं नाही. तेच पान धरून होता.

“उघड,” तो मान वर न करता म्हणाला.

मामीला पाकिटाचं तोंडच सापडेना. वर्गात पेपर वाटताना तिला कधी असं झालं नसेल. तिने कागद काढला, वाचला, खालून वर वाचला, परत वरून खाली. मग कागद घेऊन सरळ डॉक्टरांच्या दारात गेली. मामा उठला, पुस्तक बाकावरच राहिलं. मीही मागोमाग गेलो.

डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली आणि मामाची मान दोन बोटांनी चाचपली. “साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. काही करायचं नाही, अधूनमधून दाखवत जा.” मग जरा दटावून, “एवढे दिवस कुठे होतात?”

“यंत्र बिघडलं होतं,” मामा म्हणाला.

बाहेर येऊन तो बाकावर धपकन बसला. मामी शेजारी बसली. तिने पदराने डोळे पुसले आणि लगेच चिडून म्हणाली, “मूर्ख माणूस! आठवडाभर मला मारलंत तुम्ही! भाजीत दोनदा मीठ घातलं मी!”

“मला वाटलं, तू मुद्दाम घालतेस.”

“खाल्लीत की तशीच!”

“बोलायची हिंमत कुणाला होती?”

मामीला हसू फुटलं आणि मग ते तिला थांबवता येईना. मामाही हसायला लागला, खांदे गदागदा हलवत, आवाज न करता. मी चष्मेवाल्या ताईंकडे बघितलं तर त्या खिडकीतून मान बाहेर काढून विचारत होत्या, “बरंय ना?”

“बरंय!” मामा एवढ्या मोठ्याने म्हणाला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

मग त्याने मामीच्या हातातल्या कागदाला बोट लावलं. “पुन्हा वाच ना.”

“डॉक्टर म्हणाले की आत्ता.”

“ते घाईत होते. तू वाच. मोठ्याने.”

मामी सरळ बसली. घसा खाकरला. आणि तिने तो कागद पहिल्या अक्षरापासून वाचला: दवाखान्याचं नाव, पत्ता, पेशंटचं वय, नमुना घेतल्याची तारीख, पेशी कशा दिसल्या, कशा दिसल्या नाहीत. शेजारी बसलेले एक आजोबा कान देऊन ऐकत होते. ‘आढळले नाही’ आलं तेव्हा मामा म्हणाला, “हे वाक्य परत.” तिने परत वाचलं. त्याने डोळे मिटले, मान मागे भिंतीला टेकवली आणि म्हणाला, “चांगलं लिहिलंय हं.”