डावा आरसा

ऑफिसला जायला एक गाडी आहेच. ही दुसरी फक्त रविवारच्या भटकंतीसाठी हवी होती, म्हणून स्वस्तातली जुनी शोधत होतो. साताऱ्यातल्या एका निवृत्त मास्तरांची मोटरसायकल आवडली. बसून पाहिलं, तर डाव्या आरशात रस्ता दिसेना. मागची सीट दिसत होती.

"आरसा असा का?" मी विचारलं.

"आमच्या हिला गाडीवर झोप लागायची. पडेल म्हणून लक्ष ठेवावं लागायचं," मास्तर म्हणाले. "आता ही गाडी दारात बघवत नाही. घेऊन जा."

घरी आल्यावर मी आरसा सरळ केला, नट घट्ट आवळला. पण घाटातले खड्डे लागले की तो थरथरत हळूहळू आत वळतो आणि रिकामी सीट दाखवू लागतो. वस्तूंनाही सवय जडत असावी, आणि माणूस गेलं म्हणून ती सुटत नसावी. नवा आरसा कुठंही मिळेल. दर रविवारी आणायचं ठरवतो, आणत मात्र नाही.

काल एका वळणावर गाडी आपसूक हळू झाली. आरशात सीट रिकामीच होती. तरी तोंडातून निघून गेलं, "काकू, जाग्या आहात ना?"