जहाज कुठवर आलं?

मालेगावच्या गॅस एजन्सीत मी गाडीवर आहे. घरोघर सिलिंडर पोचवतो. चार माणसांत बसलो की कोणीतरी म्हणतंच, "प्रकाशभाऊ, टंचाईतला एखादा किस्सा सांगा ना!" एखादा? त्या दिवसांत गोदामात सिलिंडर कमी अन् किस्सेच जास्त होते!

तिकडे आखातात लढाई पेटली, गॅसची जहाजं अडकली, असं टीव्हीवर दाखवायला लागले. दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधीच रांग! सगळ्यात पुढे जवळच्या मेडशी गावचे रिटायर्ड गुरुजी. काउंटरवरच्या सुलोचनाताईंना म्हणाले, "बाई, जहाज कुठवर आलं?"

"गुरुजी, आमच्याकडे ट्रक येते, जहाज नाही!"

"मंग ट्रकात कुठून येते?"

सगळी रांग हसली. संध्याकाळपर्यंत ट्रक आलाच नाही. मग कोणीच हसलं नाही.

*

एका सकाळी ताई खडू घेऊन सिलिंडरचा भाव लिहिलेल्या फळ्याकडे गेल्या. रांगेतला गलका एकदम बंद! मागून एक बाई ओरडली, "ताई, खडू खाली ठेवा!"

ताईही दचकल्या. "अवो, तारीख बदलून राह्यली मी!"

तारीख लिहून होईस्तोवर कोणी जागचं हललं नाही. चार दिवसांनी त्याच खडूनं भावही बदलला.

*

मेडशीतच कमलाबाईंच्या दारात सिलिंडर उतरवलं, तर आतून गॅसचा वास! भीतीपोटी त्यांनी जावेकडून, बहिणीकडून आणून तीन सिलिंडर ओळीनं लावलेली. एकाचा रेग्युलेटर नीट बसला नव्हता. सगळ्यांना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, नॉब बंद केला. मागे वळून पाहतो, तर बाई पुन्हा घरात!

"काकू, काहून आत आल्या? जीव जाईन ना!"

सिलिंडरला मिठी मारून त्या म्हणाल्या, "हे गेलं तर दुसरं कोण देते मले?"



*

आमचे शेठ मात्र रोज काउंटरवर उभं राहून सांगायचे, "पॅनिक होऊ नका! साठा भरपूर आहे!" आवाज असा खणखणीत की लोक थोडे शांत व्हायचे. आम्हीही व्हायचो. मी तर घरी बायकोलाही तेच सांगायचो, "शेठ म्हणतात ना, मग काय भ्यायचं?"

एक दिवस दुपारी शेठची फाइल आणायला त्यांच्या घरी गेलो. वहिनी मागच्या अंगणात, कोपरापर्यंत हात चिखलात. समोर मातीची नवीकोरी चूल, अन् तिच्या बाजूला दुसरी, अजून ओली.

मी विचारलं, "वहिनी, दोन कायले?"

त्यांनी आधी फाटकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या,

"ही आमची. अन् ते तुह्या घरची. शेठनंच सांगतलं!"